शेवटचा उकार दीर्घ

सोमवार, ३ फेब्रुवारी. संध्याकाळी सव्वासहा.

ऑफिसात. कानात हेडफोन, समोर जुना काळापांढरा चित्रपट, आणि दुपारपासून एकाच शब्दावर अडकलो आहे.

शेवटचा प्रसंग. सगळ्यांना तोंडपाठ असलेला. मुलगा पिशवी घेऊन दारात उभा. आई पाठमोरी, भांडी विसळते आहे. आणि तो म्हणतो – "जातो मी!" शाळेच्या गॅदरिंगपासून बसस्टॉपवरच्या टवाळांपर्यंत सगळे ह्याची नक्कल करतात. छाती काढून, हात उडवून – जातो मी!

पण आवाजाच्या पट्टीवर नेमकी तिथेच खरखर आहे. पहिलं अक्षर गेलंच. 'मी' स्वच्छ आहे. मधे जे उरतं ते 'ओ' आहे की 'ऊ'?

ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी आम्ही पडद्याखाली संवाद लिहितो. बोललं तसं. आवाजसुद्धा लिहायचे – [दार आपटते], [लांबून शिट्टी]. काहीच कळलं नाही तर [अस्पष्ट] लिहायची मुभा आहे. पण आमच्या ऑफिसच्या मुख्य बाई म्हणतात, "अस्पष्ट लिहिणं म्हणजे पेपर कोरा देणं." मी बारावीला पेपर कोरा देऊनच इथे आलो. पुन्हा नको.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

पॉपकॉर्नला ऐकवलं. शेजारच्या मशीनवर बसतो, दिवसभर काही ना काही चघळतो, म्हणून पॉपकॉर्न. त्याने हेडफोन अर्ध्या कानाला लावला.

"अरे, शेंबड्या पोरालाही माहीत आहे, जातो मी. तू कोण टिकोजीराव लागून गेलास?"

"नीट ऐक. ऊ आहे."

"ऊ तुझ्या डोक्यात आहे. फणी फिरव."

सगळे हसले. मीही हसलो. मग कागदावर लिहून पाहिलं. 'ऊ' असेल तर शब्द एकच होतो – येऊ मी? निघताना मोठ्यांची परवानगी मागतात तसं. शेवटचा उकार दीर्घ. पुढे प्रश्नचिन्ह.

लिहिलं आणि हाताला घाम सुटला. कागद फाडून टाकला.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

घाम का सुटला ते इथे लिहितो. दुसरं कुणाला सांगणार?

दादा घरातून गेला त्याला आता वर्ष होत आलं. त्याला सिनेमात काम करायचं होतं. नायक वगैरे नाही – आधी गर्दीत उभं राहायचं, मग एखादं वाक्य, मग पुढचं पुढे. बाबांनी त्यांच्या कारखान्यात शब्द टाकून त्याला चिकटवला होता, ती नोकरी त्याने सोडली. बाबा म्हणाले, "गर्दीत उभं राहायला एवढ्या लांब कशाला जातोस? इथे बिलाच्या रांगेत उभा राहा, तेवढंच घरचं काम होईल!" आठवडाभर कोणी कोणाशी बोललं नाही. मग एका सकाळी तो निघाला.

त्या वेळी मी आंघोळीला होतो, नळ चालू. आई स्वयंपाकघरात, मिक्सर चालू. बाबा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते – आणि बाबांना ऐकू येत नाही. पत्रे ठोकण्याच्या यंत्रापुढे आयुष्य गेलं, कान तिथेच राहिले. कानातलं मशीन घेऊन दिलंय, पण ते शिट्ट्या मारतं म्हणून कपाटात. समोरच्याच्या ओठांवरून ते बोलणं ओळखतात.

बाबा म्हणतात, तो "जातो" म्हणाला. आई म्हणते, "येतो" म्हणाला. निघताना येतो म्हणावं, जातो म्हणू नये, एवढं कोणालाही कळतं. जातो म्हणतो तो परत न येण्यासाठीच. मी "फोन लावू का?" विचारलं की बाबांचं एकच – "जातो म्हणून गेलेल्याला बोलवायचं नसतं."

दादाचा जुना नंबर बंद आहे. तसा आमच्या घरातला आवाजच बंद आहे.

रविवार, ९ फेब्रुवारी

सुट्टी. गेल्या आठवड्यात केलेल्या चित्रपटांबद्दल लिहितो, म्हणजे डोकं तरी त्या शब्दावरून हटेल.

एक: मारामारीचा. खलनायकाकडे पिस्तूल असतं आणि तो भाषण करत बसतो. बोलला नसता तर जिंकला असता. आमच्या घरात उलटं आहे.

दोन: प्रेमाचा. दोघांमधला गैरसमज एका वाक्याने मिटला असता. ते वाक्य म्हणायला कोणालाही सुचत नाही म्हणून चित्रपट अडीच तास चालतो. पूर्वी मला ही लबाडी वाटायची. आता नाही वाटत. अडीच तास काहीच नाहीत.

तीन: विनोदी. मी [हशा] लिहीत गेलो, एकदाही हसलो नाही.

कोणताही चित्रपट असो, गर्दी आली की मी थांबवतो. मोर्चा, बाजार, कोर्टाबाहेरची माणसं. एकेक चेहरा बघतो. पॉपकॉर्नला वाटतं मी फार बारकाईने काम करतो.

आणखी एक. प्रत्येक चित्रपटात एक माणूस दारात येतो आणि विचारतो, "येऊ का, साहेब?" शिपाई असेल, नोकर असेल. गर्दीतून वर चढणाऱ्याला मिळणारं पहिलं वाक्य म्हणे तेच. आणि गंमत अशी, की त्याला कोणीही "ये" म्हणत नाही. साहेब मान वर करत नाही, पुढच्या क्षणी तो आतच असतो. सिनेमात ह्या प्रश्नाला उत्तर लागत नाही.

हे दादानेच दाखवलं होतं मला. घरात त्याची तालीम चालायची. बाथरूमच्या दारावर टकटक – "येऊ का, साहेब?" घोगऱ्या आवाजात, रडक्या आवाजात, दारू प्यायलेल्या आवाजात. मी आतून ओरडायचो, "अरे, कपडे तरी घालू दे!" आई लाटणं उगारायची. "मेल्या, एकदाचा ये नाहीतर जा, पण माझं डोकं उठवू नकोस!"

हे लिहिताना हसू आलं. आणि मग ते थांबेना, आणि मग ते हसू राहिलं नाही.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

पुन्हा तोच प्रसंग. आज आवाज बंद करून पाहिला, बाबा बघतात तसा.

मुलगा बोलतो. त्याचा चेहरा अर्धा वळलेला, ओठ दिसत नाहीत धड. आणि मग कॅमेरा आईच्या पाठीवर जातो. जातो तो हलतच नाही. तिचे हात भांड्यावर थांबले आहेत. नळ वाहतो आहे. किती वेळ! आताच्या चित्रपटात एवढ्या वेळात दोन गाड्या उडतात. मग ती पुन्हा भांडं विसळायला लागते. मग दार दिसतं. रिकामं.

कॅमेरा थांबला कशासाठी? "जातो मी!" ह्याला उत्तर नसतं. ते सांगणं आहे, झालं, संपलं. पण "येऊ मी?" म्हटलं तर कोणीतरी काहीतरी म्हणायला हवं. कॅमेरा तेवढ्यासाठी थांबला आहे. तो उत्तराची वाट बघतो आहे.

'जातो' असेल तर हा मानी मुलाचा चित्रपट आहे. 'येऊ' असेल तर उत्तर न दिलेल्या आईचा. सगळ्या जगाने चुकीच्या माणसासाठी टाळ्या वाजवल्या!

की मलाच असं हवं आहे?

बुधवार, १२ फेब्रुवारी

बाईंना सांगितलं. त्यांनी तीनदा ऐकलं. चांगल्या आहेत, उडवून लावत नाहीत.

"मला काहीच ऐकू येत नाही," म्हणाल्या. "ना जातो, ना येऊ."

"पण बाई, कॅमेरा –"

"कॅमेरा लिहायला आपल्याला कोणी बसवलेलं नाही. लोकांना पाठ असलेला संवाद बदललास तर उद्या माझ्या दारात मोर्चा येईल."

पॉपकॉर्न मागून – "आणि हा मोर्चा थांबवून एकेक चेहरा बघत बसेल."

बाई हसल्या नाहीत. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "घरी सगळं ठीक आहे ना रे?"

ठीक आहे म्हणालो. बोललं तसं लिहायचं, म्हणून लिहितो – ठीक आहे.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

आईला विचारलं. बाबा अंगणात झाडांना पाणी घालत होते.

"आई, दादा खरंच 'येतो' म्हणाला होता?"

ती भाजी निवडत होती. हात थांबले. मला भांडी विसळणारे ते हात आठवले आणि विचारलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटलं.

"येतो नाही म्हणाला," ती म्हणाली. "तुझ्या बाबांच्या जिवाला बरं वाटावं म्हणून मी तसं म्हणते."

"मग काय म्हणाला?"

"येऊ? म्हणाला." निवडलेली भाजी बाजूला सारून – "मिक्सर चालू होता. मला वाटलं, चाललंय त्याचं नेहमीचं नाटक. येऊ का साहेब. मी वळलेसुद्धा नाही रे. मिक्सर बंद केला तेव्हा दार उघडं होतं."

शनिवार, १५ फेब्रुवारी

वर्षभर ती हे एकटी घेऊन बसली. काही लिहवत नाही.

गुरुवार, २० फेब्रुवारी

दादा दिसला!!

नवा चित्रपट, अजून लागायचा आहे. मारामारीचाच. बिल्डरची केबिन, बिल्डर फोनवर. दारावर टकटक. दार अर्धं उघडतं आणि शिपायाच्या खाकी कपड्यात – दादा. बारीक झालाय. मिशी ठेवलीय, शोभत नाही. म्हणतो, "येऊ का, साहेब?"

घोगरा नाही, रडका नाही. त्याचा स्वतःचा आवाज. सगळ्या तालमी सोडून त्याने साधं विचारलंय.

बिल्डर वर बघत नाही. पुढच्या शॉटमध्ये दादा फाईल ठेवून निघालेला. संपलं.

मी हेडफोन काढून जिन्यात जाऊन बसलो. पॉपकॉर्न आला. त्याला सांगितलं. पहिल्यांदाच त्याच्या तोंडात काही नव्हतं. म्हणाला, "फिल्मवाल्यांची ती मुलगी दुरुस्त्यांची यादी घेऊन येते ना, तिला विचार. गर्दीची माणसं पुरवणारा ठेकेदार असतो त्यांचा."

सोमवार, २४ फेब्रुवारी

ठेकेदाराकडून नंबर मिळाला. ऑफिसच्या जिन्यातून फोन लावला. छाती अशी धडधडत होती की [धडधड] लिहायला हवं.

"हॅलो?"

"दादा, मी."

"जाड्या?" लहानपणी मी जाडा होतो. "कसा आहेस? आई कशी आहे?"

"बरी आहे. दादा, तू –"

"बाबांनी लावायला सांगितला?"

खोटं बोलता आलं असतं. मला बोलता येत नाही. "नाही," म्हणालो.

"मग ठेव."

"ऐक तर! तू 'जातो' म्हणालास असं त्यांना वाटतंय."

"मी विचारून निघालो होतो, जाड्या. येऊ? म्हणून. दारात चपला हातात घेऊन उभा होतो. त्यांनी वर बघितलं, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि पेपरात डोकं घातलं. आईने मान वळवली नाही. ज्या घरात हूं नाही की चूं नाही, तिथे मी कोणाकडे येऊ?" मग जरा हळू – "बाबा बोलव म्हणाले तर कर फोन. नाहीतर नको. मला मग कामात लक्ष लागत नाही."

ठेवला.

'येऊ' चा दोन्हीकडे उपयोग होतो. निघतानाही येऊ, आत शिरतानाही येऊ. शाळेत कोणी शिकवलं नाही हे.

बुधवार, २६ फेब्रुवारी

बाबांना सांगितलं. समोर बसून, तोंड मोठं करून. तरी 'येऊ' त्यांना कळेना. शेवटी कागदावर लिहिलं. 'तो जातो म्हणाला नव्हता. येऊ? म्हणाला होता. आईने ऐकलं आहे.'

त्यांनी वाचलं. चष्मा काढून पुन्हा वाचलं. आईकडे बघितलं. आईने होकाराची मान हलवली, आणि ती आत निघून गेली.

"मी ओठ बघितले होते," बाबा म्हणाले. बास. कागदाची घडी करून पेपराखाली ठेवली.

फोन लावू का, असं मी विचारलं. पेपर वर गेला. चेहरा दिसेना.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

सकाळी बाबा दाढीच्या आरशासमोर. अर्ध्या गालाला साबण. वस्तरा हातात, पण चालत नव्हता. ते आरशात बघून ओठ हलवत होते. आवाज नाही. जा-तो. ये-ऊ. जा-तो. ये-ऊ.

मी दारातच थांबलो. त्यांना माझी चाहूल लागत नाही.

मग ते आरशालाच म्हणाले, "शेवट सारखाच आहे." दोन्हींच्या शेवटी ओठ पुढे येतात, गोल होतात. बाबांनी पेपरातून मान वर केली तेव्हा शब्द अर्धा होऊन गेला असणार. त्यांना दिसला फक्त शेवट. सुरुवात त्यांनी मनाने लावली.

साबण गालावर वाळून गेला तरी ते तिथेच.

गुरुवार, ६ मार्च

काही नाही. बाबा बोलत नाहीत. आई जेवत नाही. मला वाटलं होतं खरा शब्द कळला की सगळं सुटेल. चित्रपटात सुटतं. इथे उलट आणखी दोन माणसं गप्प झाली.

जुना चित्रपट आज पाठवला. बाईंनी ओळ टाकली – जातो मी! उद्गारचिन्हासकट. निरोप दिल्यासारखं माझ्या खांद्यावर थोपटलं. त्या चुकल्या असं मी म्हणू शकत नाही. मला खरंच ऐकू आलं होतं की दादाचाच आवाज मी त्या खरखरीत भरला, हे मला कधीच कळणार नाही. बाबांनी जे केलं तेच मीही केलं असेन.

नोकरी सोडावी असं वाटतं. पण ह्या हातांनी दुसरं काय करणार? शुद्ध लिहिता येतं, एवढंच. शुद्ध लिहून कोणाचं काय सुधारलं?

बुधवार, १२ मार्च

बाईंनी सांगितलं, शनिवारी त्या नव्या चित्रपटाचा एक खास खेळ आहे – कर्णबधिर मुलांच्या शाळेसाठी, आमच्या ओळींसह. घरच्यांना आणा म्हणाल्या.

बाबांना पास दाखवला. दादाबद्दल बोललो नाही. धीर झाला नाही. बाबा म्हणाले, "मारामारीचा आहे ना? मग बरा. मारामारीत फसवाफसवी कमी असते."

कान बरे होते तेव्हा बाबाच आम्हा दोघांना सिनेमाला न्यायचे. दादा एका मांडीवर, मी दुसऱ्या.

शनिवार, १५ मार्च

खेळाहून आलो. अक्षर वाकडं येतंय, येऊ दे.

थिएटर मुलांनी भरलेलं. आवाज एक नाही, नुसते हात. गोष्टी हातांनी, भांडणं हातांनी. नायक आला तेव्हा सगळ्यांनी हात वर करून पंजे हलवले. त्यांची टाळी तशी. आई बघतच राहिली.

केबिन आली. मी बाबांकडे बघत होतो, पडद्याकडे नाही. टकटक. खाली माझी ओळ – [दारावर टकटक]. दार उघडलं. आईने माझा हात इतका घट्ट धरला की नखं रुतली. ओळ आली – येऊ का, साहेब?

आणि बाबा खुर्चीतून अर्धे उठून, न ऐकणारा माणूस बोलतो तसे मोठ्याने, सगळ्या थिएटरभर म्हणाले,

"ये! ये ना रे, विचारतोस काय?"

एकाही मुलाने मागे वळून पाहिलं नाही. ऐकलं फक्त आम्ही दोघांनी.

रविवार, १६ मार्च. सकाळी.

बाबा म्हणाले, "नंबर लाव. तो बोलेल ते तू लिही, मी वाचतो. आणि शुद्ध लिही."

जवळ हीच वही होती. बाबा माझ्या खांद्यावरून वाचत आहेत. वाचू देत. आई मिक्सरचं बटण बंद करून दारात उभी आहे.

[पलीकडे रिंग]

[पलीकडे रिंग]

दादा: हॅलो? कोणी लावायला सांगितला?